जऊळक्याचा ‘ळ’ आणि यंत्राचा कान

अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, वाशीम येण्यापूर्वी, जऊळका नावाचे एक लहानसे स्थानक लागते. गाव वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले. ‘जऊळका रेल्वे’ या नावानेही ते ओळखले जाते. या नावाच्या मध्यभागी जो ‘ळ’ बसला आहे त्यानेच मला हा लेख लिहावयास बसविले, म्हणून प्रथम त्याची हकीकत सांगतो.

सोयाबीन घरात येऊन पडले होते आणि तूर अजून शेतात उभी होती, अशा दिवसांत त्या गावी एका स्नेह्यांच्या घरी माझा मुक्काम होता. दिवेलागणीच्या सुमारास त्यांची नात, इयत्ता तिसरीत शिकणारी, ओसरीवर मांडी घालून, मोबाइल पुढ्यात ठेवून मोठ्याने वाचीत होती. पडद्यावर गोष्टीचे एकेक वाक्य उमटे, मुलगी ते वाची, आणि मोबाइलमधील ॲप तिचे वाचन ऐकून शब्दाशब्दावर आपला निवाडा देई. शब्द बरोबर वाटला तर त्यावर बरोबरची खूण येई, चुकीचा वाटला तर तो शब्द तांबडा होई. वाक्य होते, ‘तळ्याकाठी बाभळीचे झाड होते.’ मुलीने वाचले, ‘तय्याकाठी बाभयीचे झाड होते.’ दोन शब्द तांबडे झाले. तिने पुन्हा वाचले, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेस तिचा आवाज इतका खाली आला, की ‘झाड’ हा निर्दोष शब्दही तांबडा झाला. चुलीपाशी बसलेल्या आजींना ते सहन झाले नाही. “पोरीनं बराबर त वाचलं, ह्याले आयकू येत नाई काय?” असे त्या तेथूनच म्हणाल्या. पुढल्या वाक्यात, ‘मुली पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या,’ असा मजकूर होता. मुलीने घाईघाईने ‘बसल्या होत्या’च्या जागी ‘बसली होती’ असे वाचले, आणि यंत्राने त्या साऱ्या वाक्यावर बरोबरच्या खुणा उमटविल्या.

म्हणजे जेथे अर्थाला धक्काही लागला नव्हता तेथे दोष धरला गेला, आणि जेथे अनेक मुलींची एकच मुलगी झाली तेथे शाबासकी मिळाली. आजींचा प्रश्न माझ्या मनातून जाईना. ह्याला ऐकू येते म्हणजे नेमके काय येते, आणि कोणाच्या कानाने येते?

माणूस बोलतो तेव्हा हवेत जी कंपने उठतात त्यांचे मोजमाप मोबाइलमधील मायक्रोफोन दर सेकंदास, अशा कामात सामान्यतः, १६,००० वेळा घेतो. एवढ्या आकड्यांचा ढीग जशाच्या तसा उपयोगी पडत नाही. म्हणून यंत्र त्याचे सुमारे २५ सहस्रांश सेकंदांचे, एकमेकांवर थोडे चढलेले तुकडे पाडते, आणि प्रत्येक तुकड्यात खालच्या, मधल्या व वरच्या स्वरपट्ट्यांत किती किती जोर आहे याची नोंद करते. ही नोंद म्हणजे त्या क्षणी मुखाची जी ठेवण होती तिचा जणू ठसाच असतो. ‘ळ’ उच्चारताना जिभेचे टोक मागे वळून टाळूला टेकते आणि हवा जिभेच्या कडांवरून निसटते. ‘य’ उच्चारताना जीभ टाळूकडे उचलली जाते खरी, पण कोठेही टेकत नाही. मुखाच्या पोकळीत जे अनुनाद घुमतात त्यांपैकी तिसरा अनुनाद ‘ळ’च्या वेळी खाली उतरतो, ‘य’च्या वेळी उतरत नाही. कान जो भेद सहज ओळखतो तो यंत्रापुढे आकड्यांचा भेद होऊन उभा राहतो.

येथपर्यंत यंत्र केवळ मोजणी करते. निवाडा पुढे येतो. वाचनाच्या परीक्षेत कोणता मजकूर वाचला जाणार हे यंत्राला आधीच ठाऊक असते. म्हणून ते प्रथम त्या मजकुरातील ध्वनी अनुक्रमाने मांडते आणि ऐकलेल्या आवाजाचा कोणता भाग कोणत्या ध्वनीच्या वाट्याला येतो याची बळेच का होईना, पण वाटणी करते. मग प्रत्येक वाट्यापुढे उभे राहून विचारते, की हा तुकडा ‘ळ’ असण्याचा संभव किती, आणि त्याहून दुसरा कोणता ध्वनी असण्याचा संभव किती. या दोन संभवांच्या तुलनेतून त्या उच्चाराला गुण मिळतो. केंब्रिज विद्यापीठातील सिल्के विट आणि स्टीव्ह यंग यांनी २००० साली ही रीत सविस्तर मांडली, आणि आज यंत्रांच्या पोटातील गणित पार बदलून गेले असले, ठरावीक सूत्रांच्या जागी मोठमोठी न्यूरल जाळी आली असली, तरी उच्चाराच्या परीक्षेची मूळ कल्पना बहुतेक हीच आहे. ‘बसल्या होत्या’ आणि ‘बसली होती’ यांतला घोटाळाही यातूनच उकलतो. जे अपेक्षित आहे ते ऐकण्याकडे यंत्राचा कल असतो. दोन शब्दांचे ठसे जवळचे असले, मुलगी घाईत असली, की अपेक्षेचे पारडे जड होऊन न ऐकलेलाही शब्द ऐकला गेला असे ठरते. पोरांना तोंडपाठ असलेला धडा ऐकताना थकलेल्या मास्तरांचेही असेच होते, हे कोणताही शिक्षक कबूल करील.

मात्र वाचन आणि बोलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि शिकणाऱ्याचे बोलणे मोजावयाचे तर मजकूर हातात नसताना तो काय बोलतो हे पाहिले पाहिजे. तेथे यंत्राला दोन कामे एकदम करावी लागतात. आधी तो काय बोलला हे ओळखावयाचे, मग ते कसे बोलला हे तोलावयाचे. पहिल्यात चूक झाली की दुसऱ्याचा पायाच खचतो. म्हणून या विद्येच्या आरंभीच्या परीक्षांनी मधला मार्ग काढला. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात टेलिफोनवरून घेतली जाणारी ‘फोनपास’ नावाची इंग्रजीची परीक्षा निघाली, जी पुढे ‘व्हर्संट’ या नावाने आपल्याकडे पुण्यामुंबईतील कॉल सेंटरांत नोकरी मागणाऱ्या तरुणांच्या परिचयाची झाली. तिच्यातील एक प्रकार मला फार मार्मिक वाटतो. एक वाक्य ऐकवावयाचे आणि ते जसेच्या तसे परत म्हणावयास सांगावयाचे. वरवर ही पोपटपंची दिसते. परंतु अनोळखी भाषेतले चार शब्द ओळीने आपल्या स्मरणात राहतात न राहतात, आणि त्याच भाषेचे व्याकरण अंगी मुरले की बारा शब्दांचे वाक्य आपण सहज परत म्हणतो, कारण आपण सुटे आवाज आठवीत नसून अर्थ आठवून वाक्य पुन्हा बांधीत असतो. म्हणजे किती लांबीचे वाक्य परत म्हणता येते यावरून भाषा किती मुरली आहे याचा अंदाज बांधता येतो, आणि मजकूर ठरलेला असल्यामुळे यंत्राचेही काम सुकर होते.

पुढे मुक्त बोलण्याकडेही यंत्रे वळली. ‘टोफेल’ ही परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेने ‘स्पीचरेटर’ हे आपले यंत्र २००६ साली सरावाच्या परीक्षेत वापरून पाहिले, आणि प्रत्यक्ष परीक्षेत ते आणण्यास २०१९ साल उजाडले. तेव्हाही मानवी परीक्षकाला हटवून नव्हे, तर त्याच्या जोडीला बसवून. असे यंत्र बोलण्याचा वेग, अडखळण्याच्या जागा, दोन विरामांच्या मध्ये एका दमात किती शब्द आले, शब्दसंग्रहाचा पैस किती, अशा अनेक गोष्टी मोजते. विराम कोठे पडतो हे विरामाच्या लांबीपेक्षाही अधिक सांगून जाते. वाक्य संपल्यावर थांबणे हे विचाराचे लक्षण, आणि विशेषण व नाम यांच्या मध्येच थांबणे हे शब्द सापडत नसल्याचे.

आता हा सगळा खटाटोप जऊळक्यासारख्या गावी कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर शाळेच्या खोलीत आहे. वऱ्हाडात पूर्वी डिपोटीसाहेब तपासणीला येत तेव्हा वर्गातली दोनचार पोरे उभी करून वाचून घेत, आणि त्यावरून साऱ्या शाळेची प्रत ठरे. प्रत्येक मुलाचे वाचन स्वतंत्रपणे ऐकणे हे काम दिसते सोपे, पण एका शिक्षकाकडे दोन इयत्ता असल्या आणि कागदपत्रांचा तगादा पाठीशी असला की ते हातून होत नाही. ‘प्रथम’ या संस्थेने २००५ पासून ‘असर’ या पाहणीतून गावोगावच्या घरांत जाऊन एकेका मुलापुढे अक्षरे, शब्द, लहान परिच्छेद व गोष्ट ठेवून वाचून घेण्याचा परिपाठ घातला, आणि शाळेत नाव असलेल्या पुष्कळ मुलांना पुस्तक वाचता येत नाही ही गोष्ट देशापुढे मांडली; ते सारे काम माणसांच्या कानांनी झाले. २०२१ च्या जुलैत ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले आणि दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीच्या मुलाने निदान ६० शब्द समजून वाचावेत अशी अपेक्षा ठरली. कोट्यवधी मुलांचे वाचन घड्याळ लावून, एकेकाचे, वर्षातून अनेकदा ऐकावयाचे तर तितके मोकळे कान आणावयाचे कोठून?

मुंबईत पवईच्या आयआयटीत प्रा. प्रीती राव आणि त्यांचे विद्यार्थी याच प्रश्नावर दीर्घकाळ काम करीत आले आहेत. त्यांनी घडविलेल्या ‘तारा’ या साधनात मूल एक लहानशी गोष्ट मोठ्याने वाचते, ध्वनिमुद्रण होते, आणि मिनिटाला किती शब्द बरोबर वाचले याच्या जोडीला शब्दांचे गट नीट पाडले का, आवाजाचा चढउतार अर्थाला धरून होता का, हेही तपासले जाते. हिंदी व इंग्रजी या भाषांत ते केंद्रीय विद्यालयांतून वापरले गेले आहे. या दुसऱ्या अंगाला, म्हणजे वाचनातील भावाला, मी फार महत्त्व देतो. कारण मूल अर्थ जाणून वाचते की नुसती अक्षरे ओढते हे त्याच्या स्वरावरून कळते, वेगावरून कळेलच असे नाही. गूगलने २०१९ च्या मार्चमध्ये ‘बोलो’ नावाचे ॲप काढले; उत्तर प्रदेशातील २०० गावांत ‘असर’च्या साहाय्याने ते आधी वापरून पाहिले असता ३ महिन्यांत ६४ टक्के मुलांच्या वाचनात सुधारणा दिसली असे कंपनीने त्या वेळी जाहीर केले. पुढे ‘रीड अलाँग’ या नावाने ते मराठीतही आले, आणि आज या जातीची ॲपे अनेक आहेत. त्यांचा एक गुण मान्य केलाच पाहिजे. लाजाळू मुलाला चारचौघांत चुकण्याची जी धास्ती असते ती यंत्रापुढे नसते, आणि एकच वाक्य दहा वेळा ऐकूनही यंत्राच्या कपाळाला आठी पडत नाही.

येथे मराठीच्या बाजूने एक तक्रार नोंदविणे मला आवश्यक वाटते. मिनिटाला अमुक शब्द हे माप इंग्रजीत रुळले; परंतु आपल्या भाषेत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात. ‘शाळेसमोरच्या’ हा आपला एक शब्द. इंग्रजीत त्यासाठी तीनचार शब्द लागतील. मग साठ मराठी शब्द वाचणाऱ्या मुलाने साठ इंग्रजी शब्द वाचणाऱ्या मुलाहून कितीतरी अधिक अक्षरे उच्चारलेली असतात. २०२२ साली एनसीईआरटीने तिसरीच्या सुमारे ८६,००० मुलांची जी पाहणी केली तीत भाषांभाषांसाठी निराळी मापे बसविण्याचा विचार होता, आणि तोच न्याय्य होय. लिपीचेही तसेच. ‘जग’ हा शब्द दुनिया या अर्थी एका ‘ज’ने उच्चारतात आणि ‘तू जग’ असे म्हणताना दुसऱ्या, दंततालव्य ‘ज’ने, ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ एक नव्हे. देवनागरी हा भेद दाखवीत नाही. मराठी शिकणाऱ्या हिंदी भाषकाची खरी कसोटी याच ठिकाणी लागते, आणि यंत्राच्या उच्चारकोशात कोणी जाणत्याने हा भेद हाताने नोंदविलेला नसेल तर यंत्र त्याला बिनदिक्कत उत्तीर्ण करील.

आता ‘ळ’कडे परत येतो. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो. डोळ्याचा डोया, फळाचे फय, पाण्याचे पानी. हा आळशीपणा नव्हे आणि अज्ञानही नव्हे, तो नियम आहे, आणि नियमाने होणाऱ्या गोष्टीला दोष म्हणण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला, त्यात वऱ्हाडीची स्वतंत्र दखल आहे. बायबलातील उडाऊ मुलाची कथा मुलकी अंमलदारांमार्फत प्रत्येक बोलीत उतरवून मागवावयाची, अशी त्या सर्वेक्षणाची पद्धत होती. पुढे त्याच कार्याला जोडून ग्रामोफोनच्या तबकड्याही भरल्या गेल्या. बोलीचा आवाज जतन करण्याची आस्था शंभर वर्षांपूर्वीच्या त्या दप्तरातही होती.

आणि जऊळका ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्याला तर या विषयावर बोलण्याचा अधिकार फार जुना आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा राजा सर्वसेन याने ‘हरिविजय’ हे काव्य महाराष्ट्री प्राकृतात लिहिले. इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या आरंभी होऊन गेलेल्या राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच वत्सगुल्मात लावून दिला आहे. त्याच ग्रंथात त्याने निरनिराळ्या देशांचे लोक कसे पठण करतात याची मोठी रसिक परीक्षा केली आहे. लाट देशाच्या लोकांना संस्कृताचे वावडे पण त्यांची प्राकृत वाणी ललित, काश्मिरी मंडळी उत्तम कवी पण त्यांचे पठण कानांना गुळवेलीच्या रसासारखे कडू, पांचालांचे मात्र मधासारखे. एका माणसाच्या कानाने केलेली भरतखंडाची ही मौखिक परीक्षाच होय; आणि परीक्षकाची आवडनिवड गुणपत्रिकेत कशी उतरते याचाही तो पुरावा आहे. पण मला अधिक मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. राजशेखराच्याच ‘कर्पूरमंजरी’त काव्याची जी ‘वच्छोमी’ रीती सांगितली आहे, तिचे नाव वत्सगुल्मावरून पडले. वत्सगुल्माचे वच्छोम झाले ते लोकांच्या जिभेवर. शुद्ध संस्कृताचा कान असलेले एखादे यंत्र त्या काळी वाशीमच्या वेशीवर बसविले असते तर त्याने गावच्या नावालाच तांबडी शाई लावली असती, आणि राजा सर्वसेनाच्या प्रत्येक ओळीला शून्य गुण दिले असते.

यंत्राचा कान जन्मजात नसतो. ज्यांचे आवाज ऐकवून त्याला शिकविले, त्यांचा तो कान. अमेरिकेत २०२० साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पाच मोठ्या कंपन्यांची यंत्रे तपासली. गोऱ्या लोकांच्या बोलण्यातील शंभर शब्दांमागे सुमारे १९ चुका होत होत्या, आणि कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. ऑस्ट्रेलियात कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी संगणकीय परीक्षा देणाऱ्या एका आयरिश पशुवैद्य स्त्रीला, इंग्रजी ही तिची मातृभाषा असूनही, २०१७ साली बोलण्याच्या भागात हवे तेवढे गुण मिळाले नाहीत. यंत्रात दोष असल्याचे परीक्षा घेणाऱ्या कंपनीने नाकारले, परंतु तिचा अर्ज त्या गुणांवर अडला तो अडलाच. २०२२ मध्ये आलेले ‘व्हिस्पर’ हे यंत्र ६,८०,००० तासांचे बोलणे ऐकून शिकले. त्यातले जवळजवळ दोनतृतीयांश एकट्या इंग्रजीचे. मूल बोलते तेव्हा तर अडचण दुणावते, कारण मुलाचा कंठ व मुख लहान, त्यामुळे त्याचे अनुनाद वरच्या पट्टीत जातात, आणि मोठ्यांच्या आवाजावर पोसलेल्या यंत्राला ते परके वाटतात. जऊळक्याच्या ओसरीवरील मुलगी मराठी बोलत होती, वऱ्हाडी बोलत होती, आणि आठनऊ वर्षांची होती. म्हणजे यंत्राच्या कानापासून ती तीन उंबरे दूर बसली होती. याच जिल्ह्यातील तांड्यांवरील बंजारा मुले, जी घरी गोरबोली बोलतात आणि शाळेत येऊन मराठी शिकतात, ती चौथ्या उंबऱ्याच्या पलीकडे आहेत. पोहरादेवीला बंजारा समाज देशभरातून लोटतो, पण त्या समाजाच्या मुलाने मराठी धडा वाचताना काढलेला स्वर कोणत्या यंत्राने पुरेसा ऐकला असेल?

उपाय नाही असे मुळीच नाही, आणि म्हणूनच मी हे कळकळीने लिहीत आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०१० च्या सुमारास शेतमालाचे बाजारभाव टेलिफोनवरून तोंडी विचारता यावेत यासाठी महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांतील शेतकऱ्यांचे आवाज गोळा केले होते. पिकांची आणि ठिकाणांची नावे जो तो आपल्या बोलीत घेणार, मग यंत्राने ती तशीच ओळखली पाहिजेत, हे त्या कामाने गृहीत धरले. तेथे शेतकऱ्याला नापास करण्याचा प्रश्नच नव्हता, यंत्रानेच परीक्षा द्यावयाची होती. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या ‘वाणी’ प्रकल्पाने तर भाषेऐवजी जिल्हा हेच एकक धरून आवाज जमविण्याचे ठरविले, हे धोरण मला अत्यंत सुज्ञपणाचे वाटते. मूल्यमापन करणाऱ्या यंत्रांनीही याच वाटेने आले पाहिजे.

उच्चारकोशात ‘काळी’ या शब्दापुढे ‘कायी’ अशी दुसरी नोंद करणे हे काही तासांचे काम आहे; मात्र ते वऱ्हाडी जाणणाऱ्या माणसाने केले पाहिजे, कारण ‘काया’ म्हणजे शरीरही असते आणि ‘काळा’चा वऱ्हाडी उच्चारही असतो, आणि यांतले कोणते हे संदर्भावरूनच ठरते. आता कोणी म्हणेल, की मग मुलीने प्रमाण मराठीतला ‘ळ’ शिकूच नये काय? शिकावा, अवश्य शिकावा. उद्या तिला अकोल्याला, पुण्याला जावयाचे आहे. परंतु त्यासाठी बरोबर आणि चूक या दोनच खुणा पुरत नाहीत. तिसरी खूण हवी, जी सांगेल की हा तुझ्या घरचा उच्चार आहे, शब्द तू बरोबर ओळखलास, पुस्तकी उच्चार असा असतो. जो दोष समजण्याच्या आड येतो त्याचे गुण वेगळे आणि जो फरक केवळ गावाची ओळख सांगतो त्याची नोंद वेगळी, एवढा विवेक यंत्राला शिकविता येतो, आणि तो न शिकविता त्याच्या हाती गुणपत्रिका देऊ नये. यंत्राने दिलेला आकडा आधी वर्गशिक्षिकेकडे जावा, तिच्या कानाला त्यावर फेरनिवाड्याची मुखत्यारी असावी, आणि जिल्ह्याच्या कचेरीकडे जो अहवाल जाईल तो तिच्या सहीनंतरच जावा. मुलांचे आवाज गोळा करताना आईबापांना विचारले पाहिजे हे तर आता कायद्यानेच सांगितले आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षणाच्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळून घेतलेली संमती आवश्यक मानली आहे. ज्या आवाजावर यंत्र शहाणे होणार त्या आवाजाच्या धन्याला ते कळलेच पाहिजे.

त्या संध्याकाळी पुढे वाचण्याऐवजी मुलीने मोबाइल पालथा घातला आणि ती उठून चुलीपाशी गेली. भाकरी तव्यावर होती. आजींनी न बोलता तिला जवळ सरकून बसण्यास जागा केली आणि विचारले, “मंग काय होतं त्या गोष्टीत?” मुलीने सांगावयास आरंभ केला. तय्याची गोष्ट, बाभयीची गोष्ट, कुठे न अडखळता, मध्येच हात पसरून झाड केवढे होते ते दाखवीत, आजींनी हुंकार दिला नाही तर थांबून तो मागून घेत. मी ओसरीवरून कान देऊन ऐकत होतो, कारण मला एक जागा ऐकावयाची होती. ती आली. “अन् त्या पोरी पान्यात पाय सोडून बसेल होत्या,” ती म्हणाली, “तीन जनी,” आणि आजींपुढे तिने तीन बोटे धरली.